वाचवायला पुढे केलेला हात

मला त्या मालिकेची शिसारी पहिल्यापासूनच होती. आत्याला ती यायला बारा वर्षं लागली. पण आली तेव्हा अशी आली, की तिच्यापुढे माझी शिसारी अगदीच पोरकट ठरली.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमच्या घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी एक खोली आहे, तिथे तिचं इस्त्रीचं दुकान. कपडे कडक, चहा कडक आणि बोलणं त्याहून कडक, म्हणून सगळा रस्ता तिला कडक आत्या म्हणतो. गिऱ्हाइकाने शर्ट टेबलावर टाकला की ती आधी कॉलर बघते आणि मग माणूस. कॉलर मळकी असली की शर्ट तसाच परत. "धुऊन आणा. मी इस्त्री करते, मळ शिजवत नाही." एवढं ऐकूनही लोक तिच्याकडेच येतात, कारण इतक्या वर्षांत तिच्या हातून एक कापड जळलेलं नाही. रुमालसुद्धा नाही. समोरच्या दवाखान्यातले पांढरे कोट, शाळेच्या मास्तरांच्या पँटी, हॉटेलातल्या चादरी, सगळं तिच्या टेबलावरून जातं आणि जसंच्या तसं परत येतं.

दुकानात इस्त्र्या दोन. एक नवी, हलकी, वाफेवर चालणारी. ती रोजच्या कामाची. दुसरी जुनी, लोखंडी, एवढी जड की मला दोन हातांनी उचलावी लागते. ती फक्त जाड पडद्यांना. या जुन्या इस्त्रीला मोठं सॉकेट लागतं आणि मोठं सॉकेट दुकानात एकच, त्यात टीव्हीची पिन. त्यामुळे सकाळी पडदे आणि संध्याकाळी टीव्ही अशी वाटणी ठरलेली. मालिकेच्या वेळेला पडदे घेऊन कुणी आलंच, तर आत्या मान वर न करता म्हणायची, "ठेवा तिथे. तुमच्या खिडक्या एक रात्र उघड्या राहिल्या तर आभाळ कोसळत नाही."

ही जुनी इस्त्री तिने सासरहून आणलेली. आणलेली वस्तू एवढी एकच.

तेव्हा मी शाळेत होते. आत्याचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, कुठल्याशा कचेरीत साहेबांच्या खालोखाल होते आणि घरी आल्यावर साहेबांच्या वरचढ. मालिका नुकतीच सुरू झाली होती. आत्या संध्याकाळी ती बघत बघत त्यांचे शर्ट करायची. एकदा लक्ष पडद्याकडे गेलं आणि एका बाहीवर दोन घड्या पडल्या. आतोबांनी तिच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि तिच्या हातावर, मनगटाच्या वर, टेकवली. टेकवली आणि धरली. मला हे आत्याने मी मोठी झाल्यावर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला फडकं बांधून ती टीव्हीसमोर बसली होती. मालिकेतल्या नायिकेला तिच्या नवऱ्याने जिन्यावरून ढकललं. बाई खाली पडली, उठली, कपाळावरचं रक्त पुसलं, पिशवी उचलली आणि दारात उभी राहून म्हणाली, "जिथून मला ढकललं, तिथे मी पुन्हा चढणार नाही." दार बंद. भाग समाप्त. सकाळी आत्या दोन कपडे आणि ती इस्त्री घेऊन आमच्या दारात.

"अगं, इस्त्री कशाला आणलीस?" आईने विचारलं.

"मला हेच येतं, वहिनी," ती म्हणाली.

बाबांना तिने सांगितलं होतं, की यांनी हाताला इस्त्री लावली. बाबा म्हणाले, "रागाच्या भरात होतं एखाद्याकडून." पण त्यांनी खालची खोली रिकामी करून दिली, टेबल करून घेतलं, आणि त्यांच्या परीने विषय संपला. हात त्यांनी पाहिला नाही. आत्याने पुऱ्या बाह्या घालायला सुरुवात केली, ती आजतागायत.

म्हणजे आत्याला त्या मालिकेने घराबाहेर काढलं होतं. मग ती मालिका तिला प्यारी असणार नाही तर काय? नायिकेला ती नावाने कधी बोलवायची नाही. "आपली" म्हणायची. "आज आपलीने नोकरी धरली." "आज आपलीने सासूला काय सुनावलंय, वा!" समोरच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या रोज संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन यायच्या. आत्या इस्त्री फिरवायची, सिस्टर बिस्किटं बुडवायच्या आणि आपली लढायची.

पण मालिका म्हणजे रबर. ताणेल तेवढी ताणते आणि शेवटी ज्याने धरलंय त्याच्याच बोटावर बसते. नायिका श्रीमंत झाली. मग तिची स्मृती गेली. मग स्मृती परत आली, पण पैसा गेला. मुलीला पळवून नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. पळवणाऱ्यांचे पाय दमले असतील, पण लेखकाला काही कंटाळा आला नाही. एक जेवण आठवडाभर चाललं. कुणी दारात उभं राहिलं की कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडाजवळ तीन-तीनदा जायचा, बाहेरून घरात यायला माणसाला दोन दिवस लागायचे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" हेच विचारायचं. संध्याकाळी खाली येऊन मी आत्याला विचारायची, "बाई, तुला हे सगळं स्पष्ट दिसतंय ना? कचरा आहे हा!"

"असू दे गं," ती म्हणायची. "जुनं माणूस म्हातारपणी बडबडतं, म्हणून काय घराबाहेर काढतात?"

मग या वर्षी तो आला. मालिकेतला नवरा. आधीचा नट केव्हाच सोडून गेला होता, म्हणून नवाच आणला. पांढरे कपडे, आखूड पांढरी दाढी, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. करून करून भागले आणि देवपूजेला लागले! तो कुठल्याशा डोंगरावर बारा वर्षं अनाथ मुलांना शिकवत होता म्हणे. आपली दार उघडते, फुलं बघते, आणि डोळ्यांत पाणी. आत्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि पडद्याकडे पाहत राहिली.

पुढच्या भागात त्यांनी तो जिना पुन्हा दाखवला. जुनं दृश्य नाही, नव्याने चित्रित केलेलं, नव्या नवऱ्याला घेऊन. आणि त्यात तो ढकलत नाही! बाईचा पाय घसरतो आणि तो तिला वाचवायला हात पुढे करतो. सावकाश, वाजतगाजत, बोटं लांबवून. मग आजची आपली हुंदके देत म्हणते, "तुम्ही मला वाचवायला हात पुढे केला होता, आणि मी आयुष्यभर त्याला धक्का समजले. चुकले मी."

"खोटं आहे हे," आत्या म्हणाली.

सिस्टर डोळे पुसत होत्या.

"सिस्टर, खोटं आहे! ढकललं होतं त्याने. दोन्ही हातांनी. तुम्ही पण पाहिलंय, मी पण पाहिलंय."

"अगं, तेव्हा अर्धंच दाखवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आता पूर्ण दाखवलं. बघ ना, किती भला माणूस निघाला."

आत्याने तोंडावर हात धरला. मला वाटलं हिला खरंच उलटी होणार. ती मागच्या मोरीशी गेली, चूळ भरली आणि परत येऊन म्हणाली, "शी! उष्टं पान चाटावं तसं वाटलं मला." त्या दिवशी शेवटची चादर तिने माझ्याकडून करून घेतली.

तिने मालिकावाल्यांना फोनही लावला. शेवटी नंबर येतो ना, त्यावर. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." आत्या म्हणाली, "अभिप्राय नाही गं बाई, तक्रार आहे. तुम्ही झालेली गोष्ट बदललीत." मुलगी म्हणाली, "मॅडम, आवडली का?" आत्याने फोन ठेवला.

इथवर ठीक होतं. मालिका मनातून उतरली, बंद करा, विषय संपला. मीही तेच म्हणत होते. पण सगळा रस्ता ती मालिका बघत होता ना! मास्तरांची बायको पँटी न्यायला आली आणि घड्या मोजता मोजता म्हणाली, "माणसं बदलतात हो आत्या. आता तिनेसुद्धा घेतलंच की घरात." हॉटेलवाला म्हणाला, "राग किती दिवस धरायचा?" सुतळीला गाठ मारताना सगळ्यांचं तेच. आत्या पैसे मोजून घ्यायची आणि पुढचा कपडा ओढायची. मऊ लागलं की कोपराने खणतात लोक, आणि कडक लागलं तर कुदळ आणतात.

आणि कुदळ आमच्याच घरात निघाली. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "त्याचा फोन आला होता."

'तो' कोण, हे कुणी विचारलं नाही. आतोबा निवृत्त झाले होते. त्यांची आई वारली होती. घरात करणारं कुणी नव्हतं. "एकटा पडलाय," बाबा म्हणाले. "फोनवर रडला. म्हणाला, तिचा गैरसमज झाला होता. ती इस्त्री पडत होती हातावर, मी वाचवायला गेलो."

माझा घास हातातच राहिला. शब्द न् शब्द मालिकेतला! मी म्हणाले, "बाबा, अहो हे त्या मालिकेतलं आहे. त्याने पाठ केलंय!"

"तू गप्प बस. मोठ्यांचं बोलणं चाललंय." मग आत्याकडे वळून हळू आवाजात, "बघ बाई, मी काही तुला घालवत नाही. पण मी आज आहे, उद्या नाही. तुझं दुखलंखुपलं तर कोण बघणार? रविवारी बोलावलंय त्याला. ऐकून तर घे. त्याचं ऐकूनही तुला पटलं नाही, तर मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांनाच कळलं. दुकान बाबांच्या खोलीत. बाबांनी एकदा मनावर घेतलं, की बहिणीने समजूतदारपणे सासरी परत जावं, तर खोलीला कुलूप आणि टेबल माळ्यावर. माझे बाबा वाईट नाहीत. पण भल्या माणसाला कुणी रडून दाखवलं की तो बहिणीचंही ऐकत नाही, आणि अशा भलेपणाचा मला मनापासून तिटकारा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन खाली गेले. आत्याने दार लोटलं, बाहीचं बटण काढलं आणि हात टेबलावर ठेवला. मी तो डाग आधी पाहिला होता, पण ती असा मांडून ठेवते तेव्हा वेगळा दिसतो. चकचकीत, ओढलेली कातडी, एका बाजूला टोक.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"इस्त्रीचा डाग."

"पडली असती तर कसा झाला असता?"

मी म्हणाले, "पडली असती तर तू हात मागे घेतला असतास. ओरखडा आला असता. हा ठसा आहे आत्या. दाबून धरल्याशिवाय ठसा उमटत नाही."

तिने डागावरून बोट फिरवलं. "इतके जण इतक्यांदा सांगतात ना," ती म्हणाली, "की काल कपडे करता करता मलाच वाटलं, पडत असेल का गं इस्त्री? मी पडद्याकडे बघत होते. मला कुठे सगळं दिसलं? त्याची मला भीती वाटते, बये. तो येण्याची नाही. मला पटण्याची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आठवतं तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ते पाणी त्या मालिकेने काढलं होतं, आणि त्या क्षणी तो लेखक समोर असता तर मी त्याचा कान धरून त्याला वाफेच्या इस्त्रीपुढे बसवलं असतं.

रविवारी संध्याकाळी मालिकेचा दोन तासांचा विशेष भाग होता. नायिका आणि नवरा यांचा पुन्हा संसार मांडायचा म्हणून. सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. आत्याने टीव्ही लावला नव्हता, तो त्यांनीच लावला. बाबा खुर्चीत, मी दाराशी. आत्या टेबलामागे, हाताखाली कुणाचीतरी उशीची खोळ.

आणि आतोबा आले. मी त्यांना पाहिलं आणि हसू की थुंकू ते कळेना. पांढरा झब्बा. आखूड पांढरी दाढी, नुकतीच राखलेली, गालांवर अजून धड न भरलेली. हातात पांढरी फुलं. फुलांच्या दुकानात जाऊन "मालिकेत आहेत तशी द्या" म्हणाले असणार. दुसऱ्या हातात कपड्यांचा गठ्ठा. सिस्टर पडद्याकडे बघत, मग दाराकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तिथे तो, इथे हा.

"कशी आहेस?" आतोबा म्हणाले. फुलं त्यांनी टेबलावर ठेवली, धुतलेल्या चादरींवर, ओल्या देठांसकट. आत्याने ती उचलून खाली ठेवली. मग त्यांनी गठ्ठा सोडला. आत शर्ट होते. "म्हटलं, सुरुवात इथूनच करू. तुझ्या हातची इस्त्री बारा वर्षं लागली नाही अंगाला. हे आपलं घरचंच काम समज."

मला वाटलं आत्या गठ्ठा तोंडावर मारेल. पण तिने वरचा शर्ट उचलला. नवा, फिकट निळा, पातळ कापडाचा. झटकला. कॉलर पाहिली. "बसा," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, 'बघ, झालं ना नीट?' अशा नजरेने.

आत्या भिंतीशी गेली आणि टीव्हीची पिन उपसली. पडदा काळा झाला. "अगं, ऐन वेळेला काय!" सिस्टर ओरडल्या. आत्याने वरच्या फळीवरून जुनी इस्त्री काढली, मोठ्या सॉकेटात लावली आणि खटका पडद्यांच्या तापमानावर फिरवला. मी ते पाहिलं. पातळ शर्टाला ती इस्त्री! मी तोंड उघडणार होते, पण तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी गप्प झाले.

इस्त्री तापेपर्यंत आतोबा बोलत होते. तोंडपाठ होतं सगळं. रागाचं, एकटेपणाचं, उगवत्या सूर्याचं. सुंभ जळतो तरी पीळ राहतो म्हणतात; इथे सुंभही शाबूत होता, नुसता पांढरा रंगवला होता. आत्या शर्टाची बाही टेबलावर पसरत होती, हाताने सुरकुत्या काढत होती, पाणी शिंपडत होती. आतोबा खूश झाले. शेवटी ते मुद्द्याला आले. "तुझा गैरसमज झाला. मी तुला काही केलं नव्हतं. इस्त्री पडत होती. तुला वाचवायला हात पुढे केला होता मी."

"हो का," आत्या म्हणाली, आणि बाहीवर इस्त्री ठेवली.

ठेवली आणि धरली. फिरवली नाही. आतोबा आणखी काहीतरी म्हणत होते. आधी वास आला. मग धूर. बाबा अर्धे उठले. आत्याने स्वतःची बाही आधीच वर सारून डागाचा हात टेबलावर शर्टाशेजारी ठेवला होता, दुसऱ्या हाताने इस्त्री दाबून. आतोबांचं लक्ष एव्हाना धुराकडे गेलं होतं. "अगं! अगं, जळतोय! नवा शर्ट आहे माझा!" ते धावले. आत्याने इस्त्री उचलली. बाहीवर तपकिरी डाग उमटला होता, एका बाजूला टोक असलेला. शेजारी तिचा हात. तीच इस्त्री, तेच टोक.

"सरळ सरळ जाळलास!" आतोबा किंचाळले. दाढी थरथरत होती. "मुद्दाम धरून ठेवलीस! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"छे हो," आत्या म्हणाली. "इस्त्री पडत होती. शर्टाला वाचवायला हात पुढे केला होता मी."

सिस्टरनी बिस्किटाचा पुडा मांडीवरून खाली ठेवला. आतोबांनी बाबांकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग माझ्याकडे, आणि त्यांना पाठ केलेलं पुढचं काही सापडेना. त्यांनी जळका शर्ट हिसकावला, बाकीचे काखेत मारले आणि निघून गेले. फुलं तशीच राहिली. मी ती बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि हात दोनदा साबणाने धुतले.

परत आले तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते. आत्याने इस्त्रीची पिन काढली होती आणि ती बाही खाली करत होती. बाबांनी तिचं मनगट धरलं, बाही पुन्हा वर सारली, आणि बहिणीचा हात पहिल्यांदा पाहिला.

"एवढा मोठा होता?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा याहून मोठा होता, दादा," आत्या म्हणाली. "तू आत्ता बघतोयस."